थेंबाखाली डबा

रेइनोच्या शेडमधून ही करवत मी आणली
साठ डॉलरला, वर त्याचा जुना कोट फुकट,
हॅनकॉकच्या टेकडीमागून, बर्फ कमरेला लागत असताना.
हेल्मी म्हणाली, "चालते ती. तो रोज चालवायचा."
चालत होती खरी.
पण दोन इंची सळई पुढ्यात आली
की पोटातून आवाज यायचा,
बोळक्या तोंडानं कुणी खडीसाखर फोडू पाहतंय तसा.

चार स्क्रू. त्यातला एक रुसलेला.
त्याला शेकलं, मेणबत्तीचं मेण पाजलं,
दोन शिव्या दिल्या, तेव्हा कुठे हलला.
झाकण निघालं.
आत ग्रीस. काठोकाठ, काळं, डांबरासारखं,
आणि बरोबर मध्ये
मळसूत्री दांड्यानं स्वतःपुरता कोरलेला बोगदा.
गुळगुळीत. कोरडा.
चहूबाजूंनी वंगण, केसभर अंतरावर,
आणि तो आपला कोरडाच फिरत राहिलेला
किती हिवाळे, कोण जाणे.

ग्रीस एकदा बाजूला सारलं की
तिथंच बसतं भिंत धरून.
तेल परत येतं.
कागदाच्या गिरणीत हे शिकले मी,
त्या गोंगाटात, अर्धं तर फोरमनच्या ओठांवरून वाचून.

चमच्यानं खरवडलं, रॉकेलनं धुतलं,
वर्तमानपत्रावर पसरलं तर त्यात बारीक पिवळी चमक:
काशाच्या चाकाचे दात, पीठ होऊन.
म्हणून तेलही बघून घ्यावं लागतं.
गंधकाचा वास मारणारं नको,
ते पोलादाला जपतं आणि काशाला खातं.
माझ्याकडे होतं अर्धा डबा, साधं, जुन्या वळणाचं,
थंडीनं काकवी झालेलं.
स्टोव्हपाशी ठेवलं.
दोघी-तिघी म्हाताऱ्या बसाव्यात
तसे आम्ही शेकत बसलो, मी, डबा आणि झाकण.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारखा.
दर ऑक्टोबर. एक नळी, पूर्ण.
एकही साल चुकवलेलं नाही.

हेल्मी आली कॉफी घेऊन, वेलदोड्याचा गोड पाव घेऊन.
वर्तमानपत्राकडे बघत राहिली.
"त्याचं काही चुकलं होतं का?"
मी म्हटलं, ग्रीस का भरायचा तो?
ती पालथ्या बादलीवर बसली.
"तेल गळायचं गं. दांड्याच्या तोंडाशी.
ते बुटांना घेऊन तो थेट चुलीपर्यंत यायचा.
मी नवं लिनोलियम घातलेलं, फिकट पिवळं.
एकदाच बोलले. पण बोलले.
तो काही म्हणाला नाही. तो कधी म्हणतच नसे.
दुसऱ्या आठवड्यापासून डाग बंद.
मला वाटलं, बूट पुसायला शिकला."

मी सीरियलच्या खोक्यातून गॅस्केट कापत होते.
पुठ्ठ्यावरचा वाघ मधोमध दुभंगला.
कात्रीचा आवाज तेवढा होता.

मग ओतलं. दांडा निम्मा बुडेपर्यंत,
त्याहून वर नाही.
पुली हातानं फिरवली:
तेल दातांवर चढलं, माथ्यावर क्षणभर थांबलं,
खाली उतरलं, पुन्हा आलं.
झाकण लावलं. बटण दाबलं.
खडीसाखर गेली.
राहिला फक्त पात्याचा आवाज,
लोखंडातून हळू हळू वाट काढणारा.

आणि दांड्याच्या तोंडाशी, अपेक्षेप्रमाणे,
एक थेंब.
सील मागवता येईल, मी म्हटलं,
पण ह्या मापाचं आता कोण बनवतंय.
हेल्मीनं वाकून तो बोटावर घेतला,
डोळ्यांजवळ नेला. पुसला नाही.
"फरशी तर केव्हाचीच फाटली," ती म्हणाली,
आणि सार्डिनचा रिकामा डबा
स्वतःच खाली सरकवला.

शनिवारी तो बोटभर भरतो.
मी फडक्यातून गाळते,
पुन्हा वरून ओतते.